गोल्फची शिकवणी: फी किती, खर्च किती, आणि हाती काय लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातले एक गृहस्थ, वय चाळिशीच्या आसपास, तीन महिन्यांपासून मित्राची गोल्फची बॅग घेऊन रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, जातात. सेव्हन आयर्न, म्हणजे मधल्या पल्ल्याचा क्लब, कधी छान बसतं, कधी बॉलच्या नुसतं डोक्याला लागतं. ड्रायव्हरनं, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या क्लबनं, मारलेला बॉल मात्र हमखास उजवीकडे वळतो. रेंजवरच्या कोचनं दहा तासांचं पॅकेज सुचवलं आहे. ते घ्यावं, की यूट्यूबवर भागवावं, की त्याच पैशांत भर घालून चांगला ड्रायव्हर घ्यावा? शिवाय नऊ वर्षांच्या मुलीलाही सोबत न्यावं का?

आधी उत्तर देतो. दहा तास घेऊ नका, सहा घ्या. ते सहा तास बारा आठवड्यांत पसरवा आणि प्रत्येक तासानंतर, पुढच्या तासाआधी, किमान तीनदा स्वतः सराव करा. तेवढा सराव जमणार नसेल तर पॅकेजच घेऊ नका. ड्रायव्हर इतक्यात नको. मुलीला न्या, पण तुमच्या तासात नाही.

आता हिशेब. फी शहरागणिक, क्लबागणिक आणि कोचच्या अनुभवाप्रमाणे बदलते, म्हणून पुढचे आकडे फक्त गणित मांडण्यासाठी धरले आहेत. त्यांच्या जागी तुमच्या रेंजचे दर भरा. समजा एका तासाचे १,५०० रुपये आणि ६० बॉलच्या बकेटचे २५०. सहा तासांची फी झाली ९,०००. त्या सहा तासांत लागणारे बॉल १,५०० रुपयांचे. प्रत्येक तासानंतर तीन सराव, म्हणजे अठरा बकेट, ४,५००. एकूण १५,०००. म्हणजे कोचला तासाचे दीड हजार देत असलात तरी तुम्हाला एक तास अडीच हजारांना पडतो. रेंजची प्रवेश फी किंवा क्लबचा गेस्ट चार्ज असेल तर तो वेगळा. दुसरीकडे, सराव न करता दहा तास उरकले तर १५,००० फी आणि २,५०० चे बॉल, मिळून १७,५००. पहिल्या हिशेबात तुम्ही कोचसमोर आणि एकटे मिळून १,४४० बॉल मारता, दुसऱ्यात ६००, आणि तेही सगळे कुणीतरी सांगत असताना. कोच शेजारी उभा असताना बॉल चांगला जाणं म्हणजे ते शिकून झालं असं नसतं. तो निघून गेल्यावर, दोन दिवसांनी, तोच फटका एकट्यानं काढता आला तर शिकून झालं. त्यामुळे शिकवणीचं मोल ठरतं ते दोन तासांच्या मधल्या दिवसांत, आणि म्हणूनच ‘तासाला किती?’ यापेक्षा ‘मध्ये मी काय करायचं?’ हा प्रश्न कोचला आधी विचारावा.

शिकवणी लागतेच का, यूट्यूब का पुरत नाही, याचं कारण तुमच्या स्लाइसमध्येच, म्हणजे बॉलच्या त्या उजवीकडच्या वळण्यातच, आहे. क्लबचा (म्हणजे काठीचा) फेस, म्हणजे बॉलला लागणारी सपाट बाजू, आणि बॉल एकमेकांना जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटलेले असतात. बॉल कुठल्या दिशेनं सुटणार हे मुख्यतः त्या क्षणी फेस कुठे बघतो आहे यावर ठरतं; ड्रायव्हरच्या बाबतीत हा वाटा साधारण ८५ टक्के धरतात, आयर्नच्या बाबतीत ७५ च्या आसपास. सुटल्यानंतर बॉल कुठे वळणार हे फेसची दिशा आणि क्लबचा मार्ग यांतल्या फरकावर अवलंबून. उजव्या हातानं खेळणाऱ्याचा क्लब बाहेरून आत, म्हणजे बॉलच्या पलीकडून स्वतःच्या डाव्या बाजूकडे कापत आला आणि फेस त्या मार्गाच्या मानानं उघडा राहिला, की बॉल उजवीकडे वळतो. आता शिकाऊ माणूस यावर स्वतःहून काय उपाय करतो? बॉल उजवीकडे जातोय म्हणून खांदे आणखी डावीकडे वळवून उभा राहतो. त्यामुळे क्लबचा मार्ग आणखी डावीकडे कापत येतो, फेस आणि मार्ग यांतला फरक वाढतो आणि स्लाइस आणखी मोठा होतो. स्वतः शोधलेला उपायच दोष पक्का करत जातो, आणि आतून सगळं बरोबरच वाटत असतं. गोल्फमध्ये ‘मला जाणवतं ते’ आणि ‘प्रत्यक्षात होतं ते’ यांत फार अंतर असतं. हे अंतर दुसऱ्याच्या डोळ्यांशिवाय कळत नाही, आणि कोचला फी द्यायची ती यासाठी.

यूट्यूबवरचा शिक्षक तुम्हाला बघत नाही. त्यानं सांगितलेलं चूक असतं असं नाही. ते वेगळ्या दोषासाठी असू शकतं. डावा हात ग्रिपवर उजवीकडे फिरवून घ्या, हा सल्ला स्लाइसवाल्याला तारतो, पण ज्याचा बॉल आधीच डावीकडे हुक होतो त्याची वाट लावतो. व्हिडिओ जरूर बघा, पण कोचनं सांगितलेल्या एका गोष्टीपुरते. त्याहून जास्त उपयोग स्वतःचं चित्रण करण्याचा. फोन हातांच्या उंचीवर ठेवा. मागून घेताना तो हातांच्या रेषेत, लक्ष्याच्या दिशेला समांतर हवा. समोरून घेताना बरोबर छातीसमोर, काटकोनात. मागचा कॅमेरा दोन हात इकडेतिकडे सरकला तर चांगला स्विंगही बाहेरून आत आल्यासारखा दिसतो आणि माणूस नसलेला दोष दुरुस्त करत बसतो. शक्य असेल तर स्लो मोशनमध्ये घ्या, आणि दर वेळी फोन त्याच जागी राहील अशी खूण करून ठेवा.

सहा तासांत काय व्हायला हवं? पहिला तास जवळजवळ पूर्ण ग्रिप, स्टान्स (उभं राहण्याची ढब), बॉलची जागा आणि अलाइनमेंट (अंग लक्ष्याशी जुळवणं) यांतच जावा. हे कंटाळवाणं वाटतं आणि ‘एवढे पैसे देऊन नुसतं क्लब धरायला शिकवलं’ अशी तक्रार होते, पण पुढच्या पाच तासांचं काम यावरच उभं असतं. डाव्या हातात क्लब तळव्यात नव्हे, बोटांत हवा. तर्जनीच्या मधल्या पेरापासून तळहाताच्या टाचेखालपर्यंत तिरका. वरून पाहिल्यावर डाव्या हाताची दोन ते तीन बोटांची हाडं दिसली पाहिजेत, आणि अंगठा व तर्जनी यांमधली फट उजव्या खांद्याकडे रोखलेली असावी. स्लाइस असणाऱ्या बहुतेकांना एकच हाड दिसत असतं. उजव्या हाताची करंगळी डाव्या बोटांवर ठेवायची, गुंतवायची की दहाही बोटं दांड्यावर ठेवायची, हे हाताच्या आकारावर सोडून द्या. यावर वाद घालण्यात काही अर्थ नाही.

नवी ग्रिप विचित्र वाटते. पहिल्या दोन-तीन सरावांत बॉल डावीकडे जातील किंवा पातळ (वरच्या बाजूला) लागतील, कारण जुन्या स्विंगमध्ये उघडा फेस सावरण्याची सवय अजून शिल्लक असते. नेमक्या याच टप्प्यावर बरेच लोक गुपचूप जुन्या ग्रिपवर परततात आणि पुढच्या तासाला कोच तेच पुन्हा शिकवतो. म्हणजे एकाच गोष्टीचे पैसे दोनदा. यावरचा उपाय फुकट आहे: घरी क्लब घेऊन रोज वीसदा हात काढायचे आणि पुन्हा बसवायचे, बॉलशिवाय. दहा मिनिटं पुरतात.

दुसरा तास सेव्हन आयर्नचा अर्धा स्विंग आणि क्लब जमिनीला कुठे टेकतो याचा. तुमचा बॉल टॉप होतो, त्यावर रेंजवर कुणीही येऊन सांगेल, ‘डोकं खाली ठेवा.’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. टॉप होण्याचं कारण बहुतेक वेळा डोकं वर येणं हे नसतं. वजन मागच्या पायावर राहतं, त्यामुळे स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या मागे पडतो. तिथून क्लब वर येतानाच बॉलच्या डोक्याला लागतो. किंवा बॉल उचलायच्या नादात हात कोपरात आखडतात. डोकं दाबून धरलं की वजन पुढे जायचं आणखी अवघड होतं. तपासायची सोपी रीत: बॉलच्या मागे साधारण १० सेंटिमीटरवर घडी केलेला नॅपकिन ठेवा. क्लब नॅपकिनला लागला तर खालचा बिंदू मागे आहे. गवतावर मारत असाल तर डिव्हॉट (क्लबनं उखडलेल्या गवताची खूण) बॉलच्या जागेपासून पुढे सुरू झालेला दिसला पाहिजे. आपल्याकडे बहुतेक सराव मॅटवर होतो आणि मॅट फसवते: क्लब आधी मॅटला लागला तरी घसरत बॉलपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो; कोर्सवर तोच फटका फॅट होऊन, म्हणजे क्लब आधी जमिनीत रुतून, बॉल चार पावलं जातो. झिजलेल्या, कडक मॅटवर शेकड्यांनी बॉल मारले तर मनगट आणि कोपराची आतली बाजू धरते, तेही लक्षात ठेवा.

तिसरा तास चिप आणि पिचला, म्हणजे ग्रीनजवळच्या (होलभोवतीच्या बारीक हिरवळीजवळच्या) छोट्या फटक्यांना, चौथा पटिंगला, म्हणजे ग्रीनवर बॉल होलकडे घरंगळवायला, आणि थोडा बंकरला, म्हणजे वाळूच्या खड्ड्याला द्या. इथे बहुतेक विद्यार्थी नाराज होतात, कारण त्यांना लांब मारायचं असतं. पण गणित बघा. पार ७२ च्या, म्हणजे चांगल्या खेळाडूनं ७२ फटक्यांत पुरा करायच्या, कोर्सवर ७२ पैकी ३६ फटके पटसाठी धरलेले असतात. नवशिक्या प्रत्येक दुसऱ्या ग्रीनवर तीन पट करतो, म्हणजे नऊ फटके तिथेच जादा. ग्रीनच्या कडेवरून चिप करताना एकदा फॅट, मग एक पातळ पलीकडे, असं चार-पाच होलला झालं की आणखी आठ-दहा. ड्रायव्हर वीस यार्ड लांब गेल्यानं यातलं काहीही भरून निघत नाही. शिवाय चिप-पटिंगला ताकद किंवा अंगाची लवचिकता लागत नाही, म्हणून तिथे चाळिशीतला माणूस एका तासात दिसेल इतका सुधारतो. रुपयामागे सर्वांत जास्त फटके वाचतात ते या दोन तासांत, आणि पटिंग ग्रीनवरच्या सरावाला बहुतेक ठिकाणी बकेटही लागत नाही.

पाचवा तास ड्रायव्हरचा. तोपर्यंत ग्रिप मुरलेली असते, त्यामुळे स्लाइस आधीच कमी झालेला असतो. कोचला एवढंच विचारा: फेस उघडा आहे, मार्ग कापत येतोय, की बॉल हीलला, म्हणजे फेसच्या दांड्याकडच्या टोकाला, लागतोय? तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. ड्रायव्हरवर बॉल हीलकडे लागला तर त्यानंच उजवीकडची फिरकी वाढते. फेसवर टाल्कम पावडरचा हलका थर द्या, बॉल कुठे लागला त्याचा ठसा दिसेल.

सहावा तास रेंजवर नको, कोर्सवर हवा. कोचबरोबर नऊ होल खेळा. झाडाखालून बाहेर कसं निघायचं, कधी ड्रायव्हर बॅगेत ठेवायचा, उतारावर बॉल कुठे वळतो, हे सपाट मॅटवर शिकवता येत नाही. पुण्याचं ऑक्सफर्ड किंवा सिडकोचं खारघर व्हॅली यांसारख्या डोंगरउतारावरच्या कोर्सवर तर पाय सपाट जागी पडणं हीच चैन असते: बॉल पायांपेक्षा वर असेल तर तो डावीकडे ओढला जातो, खाली असेल तर उजवीकडे, आणि हे ठाऊक नसलेला माणूस स्विंगला दोष देत राहतो. या तासाचा खर्च मात्र आधी स्पष्ट करून घ्या. फीशिवाय तुमची ग्रीन फी (कोर्सवर खेळण्याचे पैसे), कधी कोचचीही, आणि बॅग वाहणाऱ्या कॅडीचे पैसे लागू शकतात.

सरावाच्या ६० बॉलचं वाटप असं ठेवा: पहिले १५ वेजनं (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबनं) अर्ध्या स्विंगचे, मग २५ सेव्हन आयर्नचे पाच-पाचच्या गटात, १० हायब्रिड (लांब पल्ल्याचा, मारायला सोपा क्लब) किंवा ड्रायव्हरचे, आणि शेवटचे १० दर बॉलला क्लब आणि लक्ष्य बदलून. दर बॉलनंतर मागे यायचं, लक्ष्य बघायचं, मग पुन्हा उभं राहायचं. असे ६० बॉल मारायला तास लागतो. वीस मिनिटांत बकेट संपत असेल तर तो व्यायाम झाला, सराव नव्हे. एका सरावात एकच गोष्ट मनात ठेवा, कोचनं शेवटी सांगितलेली.

कोच कसा निवडायचा? आपल्याकडे नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडिया कोचना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देते. ते असेल तर उत्तम. पण भारतातल्या अनेक जुन्या कोर्सवर कॅडी म्हणून सुरुवात करून शिकवण्याकडे वळलेले लोक आहेत आणि त्यांच्यातल्या काहींची नजर अतिशय तयार असते. त्यामुळे कागदापेक्षा पहिला तास बघा, आणि पॅकेजआधी एक सुटा तास घ्याच, सवलत बुडली तरी. चांगला कोच आधी पाठ, गुडघे, खांद्यांची विचारपूस करतो. मग आठ-दहा बॉल काही न बोलता बघतो. मग एक बदल सुचवतो, तो का हे सांगतो, त्यासाठी एक ड्रिल देतो, आणि निघताना तुमच्याकडून ते वदवून घेतो. एका तासात पाच गोष्टी बदलणारा, सगळ्यांना एकच स्विंग शिकवणारा, तुम्ही मारत असताना फोनवर असणारा, किंवा दुसऱ्याच तासाला क्लबचा सेट खपवायला बघणारा, यांच्याकडे पुन्हा जाऊ नका.

ट्रॅकमॅनसारख्या लाँच मॉनिटरवरचा, म्हणजे फटका मोजणाऱ्या यंत्रावरचा, तास महाग असतो. स्लाइसचं निदान त्यावर दहा मिनिटांत होतं, कारण फेस आणि मार्ग दोन्ही आकड्यांत दिसतात. पण दर तासाला त्याचे पैसे देण्याची नवशिक्याला गरज नाही. स्क्रीनवर आकडे खूप असतात. कोचला सांगा, फेस आणि मार्ग यांतला फरक एवढाच बघू. रेंजचे बॉल झिजलेले असतात, त्यामुळे तिथलं अंतर खरं धरू नका.

चार जणांच्या गटात शिकणं स्वस्त पडतं, पण तासातली पंधराच मिनिटं तुमच्या वाट्याला येतात. अगदी कोऱ्या पाटीच्या माणसाला ग्रिप, स्टान्स आणि कोर्सवरचे रीतिरिवाज शिकायला गट चांगला. तुमच्याकडे तीन महिन्यांचा रुजलेला दोष आहे. तुम्हाला एकट्याचा तास हवा. मुलीला मात्र गटच बरा, बरोबरीच्या मुलांबरोबर, ४५ मिनिटांहून जास्त नको. तिच्यासाठी मोठ्यांचे स्टीलचे क्लब कापून देऊ नका. ते आखूड होतात, पण जड आणि ताठच राहतात, आणि ते पेलायला मूल अख्खं अंग फेकायला लागतं. तिच्या उंचीचे तीन हलके ज्युनिअर क्लब आणि एक पटर एवढं पुष्कळ. दहा बोटांची ग्रिप तिला सोपी जाईल.

आता ड्रायव्हर. मोठ्या ब्रँडचा नवा ड्रायव्हर या सहा तासांच्या खर्चाहून बराच महाग पडतो. स्लाइस कमी करणारी वजनाची रचना त्यात असते आणि ती थोडीफार मदत करतेही, पण फेस पाच अंश उघडा आला तर बॉल दोनशे यार्डांवर नुसत्या सुटण्याच्या दिशेनंच पंधरा यार्ड बाजूला जातो, वळण त्यावर वेगळं. एवढं ड्रायव्हरचं कुठलंही डोकं भरून काढत नाही. नियमानं बॅगेत चौदा क्लब चालतात. तुम्हाला सध्या सहा पुरे: एक हायब्रिड, सेव्हन, नाइन, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर. तेही चौथ्या तासानंतर, कोचनं लांबी बघून दिल्यावर, सेकंडहँड. ड्रायव्हर घ्यायची वेळ येईल तेव्हा १०.५ अंशांहून कमी लॉफ्टचा (फेसच्या मागच्या कलाचा) घेऊ नका; लॉफ्ट कमी असला की बाजूची फिरकी जास्त जाणवते.

फायदा झाला की नाही हे पहिल्या तीन महिन्यांत स्कोअरवरून ठरवू नका. तो वाऱ्यावर, कोर्सवर आणि सोबतच्या मंडळींवरही हलतो. पहिल्या तासाआधी तीन आकडे लिहून ठेवा: सेव्हन आयर्नच्या २० बॉलपैकी किती फेसच्या मध्याला लागले, एक मीटरवरून २० पैकी किती पट आत गेले, आणि ग्रीनच्या कडेवरून २० पैकी किती चिप होलपासून दोन मीटरच्या आत थांबले. तिसऱ्या आणि सहाव्या तासानंतर तेच पुन्हा मोजा. सराव करूनही तिसऱ्या तासापर्यंत एकही आकडा हलला नसेल तर कोचशी बोला. सहाव्यापर्यंत हलला नसेल तर कोच बदला. हँडिकॅप, म्हणजे खेळाची पातळी सांगणारा अधिकृत आकडा, काढायचा तर ५४ होलचे स्कोअरकार्ड भरावे लागतात. हँडिकॅपची कमाल मर्यादाही योगायोगानं ५४ च असते, तेव्हा त्याचं दडपण नको.

पॅकेजच्या पावतीवर सही करण्याआधी विचारायच्या गोष्टी: तास ६० मिनिटांचा की ४५, बॉल धरून की वेगळे, शिकवणार कोच स्वतः की सहायक, आदल्या दिवशी कळवलं तर तास बुडतो का, आणि मुदत किती. मुदत आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. मे महिन्यात तीन महिन्यांच्या मुदतीचं पॅकेज घेतलं तर जून-जुलैच्या पावसात रेंज कधी चालू, कधी बंद, गवत भिजलेलं, आणि ऑगस्टमध्ये उरलेले तास बुडीत. पावसाळ्यात मुदत गोठवतात का, ते लेखी घ्या. नसेल गोठवत, तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू करा: दर दोन आठवड्यांनी एक तास धरला तर डिसेंबर अखेरपर्यंत सहाही होतात, जमीन कोरडी असते, आणि कोर्सवरचा शेवटचा तास थंडीतल्या सकाळी ठेवता येतो. तोपर्यंत मित्राची बॅग परत करू नका.